आले किती, गेले किती

 

आजचा विषय पत्त्यांचा आहे. हसू नका. गटाच्या बैठकीत बचत झाली, कर्ज झालं, सह्या-अंगठे झाले आणि बाया उठल्या, की एखादी मागं रेंगाळते. चप्पल शोधायचं निमित्त करते आणि हळूच म्हणते, "ताई, ह्यांना मोबाईलवर रमीचा नाद लागलाय." हे मी जिंतूरकडच्या गावात ऐकलं, पालमकडं ऐकलं, गंगाखेडलाही ऐकलं. म्हणून आज पैशाच्या पत्त्यांचं गणित आपल्या गटाच्या वहीच्या भाषेत सांगते. उपदेश करणार नाही. तो आपण घरी रोज करतोच, आणि त्याचा किती उपयोग होतो तेही आपल्याला माहीत आहे.

सुरुवात लांबून करू, गोव्यापासून. पणजीला मांडवी नदीत मोठमोठ्या बोटी उभ्या असतात. संध्याकाळी त्यांच्यावर दिवे लागतात. त्या बोटींवर कॅसिनो आहेत, म्हणजे सरकारी परवान्यानं चालणारे जुगाराचे अड्डे. गोव्यात १९७६ चा जुगाराचा कायदा आहे. त्यात १९९२ साली बदल झाला आणि पंचतारांकित हॉटेलांत पैशाची यंत्रं आली. पुढं १९९६ च्या बदलानं बोटींवर पत्त्यांची टेबलं आली. आता यातली गंमत ऐका. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोत खेळायला मनाई आहे. आपली माणसं बुडू नयेत याची काळजी त्या सरकारनं घेतली. मग तिथं खेळतं कोण? बाहेरचे. त्यात आपल्या महाराष्ट्रातून सहलीला गेलेले कितीतरी.

तिथल्या एका खेळाचं नाव पोकर. आपल्या तीन पत्तीचा हा चुलतभाऊच म्हणा. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, मधे पाच पत्ते टप्प्याटप्प्यानं उघडतात, आणि दर टप्प्याला पैसे लावायचे. हातात काही नसलं तरी मोठी रक्कम लावून समोरच्याला पळवता येतं. पैशाच्या बदल्यात चकत्या मिळतात. वाटेल तेव्हा उठायचं, चकत्या परत द्यायच्या, पैसे घ्यायचे. म्हणून त्याला कॅश गेम म्हणतात. यात कॅसिनो स्वतः खेळत नाही. खेळणारे एकमेकांचेच पैसे जिंकतात.

मग त्या बोटीचं डिझेल, दिवे, नोकरांचे पगार कुठून निघतात? प्रत्येक डावात मधे जो ढीग जमतो, त्यातून कॅसिनो आपला हिस्सा आधी काढून घेतो. साधारण शंभरातले चार-पाच रुपये. आपल्याकडं शेडमधे तिर्रट किंवा झन्ना-मन्ना चालतो, तिथला अड्डेवालाही हेच करतो. त्याला नाल काढणं म्हणतात. मोबाईलवरच्या रमीवाल्या कंपन्याही हेच करायच्या. कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी नाल काढणाऱ्याला देणंघेणं नाही. डाव चालू राहिला म्हणजे झालं.

आता वही काढा. दहा माणसं टेबलाला बसली. प्रत्येकानं २,००० रुपये आणले. एकूण २०,००० झाले. एका डावात मधे सरासरी ४०० रुपये जमतात असं धरू. शंभराला पाच म्हणजे डावाला २० रुपये नाल. तासाला २५ डाव झाले तर ५०० रुपये गेले. रात्री दहाला बसले, पहाटे चारला उठले, सहा तास. गेले ३,०००. म्हणजे टेबलावर उरले १७,०००. दहाही जण सारखेच हुशार असोत, सगळे देवमाणसं असोत, त्या दहा जणांकडून ३,००० रुपये गेलेच. एखादा ५,००० जिंकून उठला, तर बाकीचे नऊ मिळून ८,००० हरलेले असतात.

हेच २०,००० आपल्या गटाचे धरा. दहा बाया, प्रत्येकीचे २,००० जमलेले. ते आपण गटातच शेकडा दोन रुपये महिन्यानं फिरवले. महिन्याला ४०० रुपये व्याज, सहा महिन्यांत २,४००. ते व्याज कुठं गेलं? आपल्याच पेटीत. २०,००० चे २२,४०० झाले. पैसा तिथंही फिरतो, इथंही फिरतो. तिथं सहा तासांत १७,००० उरतात.

मटक्याचं तर याहून सोपं आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा रुपये लावले आणि आकडा लागला तर नव्वद मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा लावून बघा. लावले शंभर, एक आकडा नक्की लागणार, हातात आले नव्वद. हे कळायला शाळा लागत नाही, तरी साठ वर्षं मटका चालू आहे.

कुणी म्हणेल, रमी हा डोक्याचा खेळ आहे, कोर्टानंच सांगितलंय. खरं आहे. १९६८ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, जुळवावे लागतात, म्हणून ती निव्वळ नशिबावरची नाही. तीन पत्तीला मात्र कोर्टानं नशिबाचाच खेळ म्हटलं. पोकरमधेही अक्कल चालते, आणि काही थोडे लोक वर्षाच्या शेवटी खरोखर फायद्यात राहतात. पण ते काय करतात माहीत आहे का? वही ठेवतात. कोणत्या तारखेला बसलो, किती तास बसलो, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. हरलेला दिवसही तितक्याच मोठ्या अक्षरात लिहितात. हौशी माणूस वही ठेवत नाही. तो आठवणीवर हिशेब ठेवतो, आणि जिंकलेला दिवस दहा वेळा सांगितला जातो, हरलेला दिवस एकदाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या भागातल्या एका ताईचं सांगते. तिला विचारून सांगते, नाव-गाव सांगत नाही. तिच्या गटात हिशेब तीच लिहिते, बारावी शिकलेली आहे. तिच्या मालकांचं म्हणणं असायचं, "मी वरच आहे. संक्रांतीच्या आसपास एका रात्रीत २२,००० आले होते, विसरलीस का?" ती विसरली नव्हती. त्यातनं पोराला सायकल आली होती, सगळ्या गल्लीनं बघितली होती. पण घरात मीठ-मिरचीला पैसे नसायचे. आणि शेळ्यांसाठी म्हणून गटातून तिच्या नावावर घेतलेल्या ५०,००० मधून एकच शेळी आली होती.

तिनं भांडण केलं नाही. बँकेत गेली आणि खात्याचा आठ महिन्यांचा उतारा मागितला. खातं दोघांच्या नावावर होतं, त्यामुळं मिळाला. तीन रात्री बसून तिनं गटाच्या वहीसारखे दोन रकाने पाडले. एकात आले, एकात गेले. गेलेल्या रकमा बारीक बारीक होत्या. कधी २००, कधी ५००, दिवसातून चारदा ३००. अशा दोनशेच्या वर नोंदी. आलेल्या रकमा मोजक्या पण ठसठशीत. बेरीज केली. आले ६४,३००. गेले १,१८,२००. फरक ५३,९०० रुपये.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो हातात पडतो का, हा वेगळ्या दिवसाचा विषय. पण त्या भावानंही हे दहा क्विंटलांहून जास्त झालं. तिची कोरडवाहू जमीन तीन एकर.

ती वही तिनं मालकांपुढं ठेवली. म्हणाली, "तुम्हीच बेरीज करा, माझी चुकली असंल." त्यांनी दोनदा केली. मला ती म्हणाली, "ताई, ते रागावले नाहीत. गप्प बसून राहिले. मला त्याचीच जास्त भीती वाटली." तिची भीती खरी होती. अशा वेळी माणूस एक तर गेलेलं काढायला अजून मोठी रक्कम लावतो, नाही तर जिवाचं बरंवाईट करायचा विचार करतो. तिनं दिराला बोलावून घेतलं, आठ दिवस त्यांना एकटं सोडलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. हिशेब दाखवायचा तर घरातलं एखादं समंजस माणूस जवळ असू द्या.

लहान माणसाचंच असं होतं असं समजू नका. २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याची केस राज्यभर गाजली. त्याला मोबाईलवरच्या जुगाराची लिंक मिळाली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणं आधी तो जिंकत गेला. जिंकला सुमारे ५ कोटी, हरला ५८ कोटी. मग पोलिसांनी गोंदियात आरोपीच्या घरावर छापा घातला, तर कोट्यवधींची रोकड आणि किलोनं सोनं निघालं. रकमेतले शून्य काढून टाका, आपल्या ताईच्या वहीसारखीच ती वही आहे. आधी थोडं जिंकू देतात, कारण त्याशिवाय माणूस बसून राहत नाही.

आता कायद्याचं. संसदेनं ऑगस्ट २०२५ मधे ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचा खेळ डोक्याचा असो की नशिबाचा, ऑनलाइन तो चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. त्या वेळी सरकारनं सांगितलं, की देशात सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि त्यांचे २०,००० कोटींहून जास्त रुपये गेले. मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशाचे खेळ बंद केले. आपल्या ताईच्या मालकांच्या मोबाईलवरची रमीही बंद पडली. पण महिना झाला नाही तोच व्हॉट्सॲपवर लिंक आली, दुसऱ्याच नावाचं ॲप, पैसे कुण्या अनोळखी माणसाच्या खात्यावर पाठवा म्हणे. हे जास्त वाईट. पूर्वी निदान कंपनीचं नाव-गाव होतं. या नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, त्यामुळं तक्रार केली तर घरचा माणूस आत जाईल या भीतीनं गप्प बसू नका.

आता त्या शेळीच्या कर्जाचं. गटात मोठा वाद झाला. काही जणी म्हणाल्या, नवऱ्याला आवरता येत नाही तर पुढचं कर्ज कशाला? मला हे पटलं नाही, आणि मी तिथंच बोलले. नवऱ्याला आवरणं ही कर्जाची अट कुठल्या नियमात आहे? तिनं एकही हप्ता चुकवला नव्हता, कापूस वेचून भरत होती. महाभारतातली द्रौपदी आठवा. धर्मराजानं द्यूतात तिला पणाला लावलं, तेव्हा ती रडत बसली नाही. तिनं सभेला प्रश्न पाठवला, की राजा आधी स्वतःला हरला की मला? स्वतः हरलेल्याला मला लावायचा हक्क कुठला? भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. आज बायकोच्या सहीनं आलेलं कर्ज रमीवर लागतं, तेव्हा तोच प्रश्न उभा असतो. आणि आज त्याला थोडंफार उत्तर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळही धरलेला आहे. तुमचं स्त्रीधन विकणं, घरखर्चाचे पैसे अडवणं हे त्यात येतं. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं.

गटानं शेवटी असं ठरवलं. जुन्या कर्जाचा हप्ता निम्मा केला, मुदत वाढवली. नवीन कर्ज लहान दिलं, पण रोख हातात नाही. बाजारात गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या, शेळ्या बघितल्या, दात तपासले, आणि पैसे विकणाऱ्याला दिले. मोबाईलचा पिन तिनं बदलला, तिच्या वेगळ्या खात्याचा. मालक आता वही स्वतः बघतात, पण लिंका अजून येतात. मधे एकदा त्यांनी १,००० लावले. तिनं तेही लिहून ठेवलंय.

फोन नंबर सांगते, लिहून घ्या. ऑनलाइन पैसे गेले तर १९३०. जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून सकाळची वाट बघू नका. नाद सुटत नसेल, माणूस गप्प गप्प राहत असेल, झोपत नसेल, तर १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात. घरात मारहाण होत असेल तर १८१ किंवा ११२. १९३० ला फोन करताना पैसे गेल्याची तारीख, वेळ, रक्कम, कोणत्या खात्यातून गेले आणि व्यवहाराचा नंबर जवळ ठेवा. तो नंबर बँकेच्या मेसेजमधे असतो, म्हणून ते मेसेज पुसू नका.