सही केली, पुढे काय झाले?



आपल्यापैकी पुष्कळजण अंगठा सोडून सही करायला शिकले. तेव्हा आज आम्ही तुम्हांला सह्यांचीच एक हकीगत सांगतो. ती आहे दूरच्या, दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाची.

आपल्याकडे आमदार-खासदाराला मुदतीआधी परत बोलावणे मतदारांच्या हाती नाही. तिथे आहे. तिथल्या १९९९ च्या राज्यघटनेत तसे कलमच आहे. निम्मी मुदत संपली, की शंभरातल्या वीस मतदारांनी सह्या द्यायच्या. मग मतदान होते : हा माणूस ठेवायचा, की काढायचा? २००४ साली असे मतदान झाले. लोकांनी राष्ट्राध्यक्ष चावेझ यांना ठेवले.

२०१६ साली राष्ट्राध्यक्ष मादुरो यांच्यावर ही पाळी आली. देशात अन्नाची, औषधांची टंचाई होती. दुकानांपुढे रांगाच रांगा. विरोधी पक्ष सह्या गोळा करायला निघाले. पण सह्यांचे कागद देणार कोण? निवडणूक मंडळ. सह्या तपासणार कोण? तेच. तारीख ठरवणार कोण? तेच, बरं का!

मंडळाने आधी शंभरी एक सही मागितली. सुमारे दोन लाख पुरल्या असत्या. लोकांनी अठरा लाखांवर दिल्या. मंडळाने सहा लाख बाद केल्या. मेलेल्या माणसांच्या नावानेही सह्या आहेत, असे सांगितले. तपासणी हवीच, खोटी सही कुठेच चालू नये. पण मंडळ म्हणाले, सही केलीत ना, आता स्वतः येऊन बोटाचा ठसाही द्या! जून महिन्यात माणसे तासन् तास रांगेत उभी राहिली.

मग वीस टक्के सह्यांची पाळी. मंडळाने सांगितले, देशभर मिळून वीस टक्के चालणार नाहीत, प्रत्येक प्रांतात तेवढ्या हव्यात. दिवस मिळतील फक्त तीन. प्रांताप्रांताची ही अट घटनेत आम्हांला तरी दिसत नाही.

खरी मेख होती तारखेत. १० जानेवारी २०१७ च्या आत मतदान होऊन मादुरो हरले असते, तर नवी निवडणूक झाली असती. त्यानंतर हरले असते, तर त्यांनीच नेमलेले उपाध्यक्ष उरलेली मुदत गादीवर बसले असते. म्हणजे घर तेच, कारभारी तेवढा दुसरा. मंडळाला "नाही" म्हणायची गरजच नव्हती. नुसता उशीर पुरे होता.

शेवटी २० ऑक्टोबरला, सह्या सुरू व्हायला सहा दिवस उरले असताना, मंडळाने सगळेच काम थांबवले. पहिल्या सह्यांत लबाडी झाली, असे काही प्रांतांतल्या न्यायालयांनी म्हटले होते, हे कारण दिले. मतदान झालेच नाही. मादुरो २०१९ च्या जानेवारीपर्यंतची मुदत पुरी करून त्यानंतरही गादीवर राहिले.