सियागंजातील बाकडे

‘गंज’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ भांडार, साठा, आणि त्यावरूनच पेठ असा होतो. आमच्या घरात मात्र गंज म्हणजे दूध तापविण्याचे पितळी भांडे, आणि म्हणून आजोबा ‘सियागंजला जाऊन येतो’ म्हणाले की तेथे भांड्यांच्या उतरंडी रचलेल्या असतील, अशी माझी बालपणी समजूत होती. मल्हारगंज, तुकोगंज, संयोगितागंज ही होळकरशाहीची स्मृती बाळगणारी नावे इंदुरात ठायी ठायी आढळतात; परंतु घाऊक किराण्याची पेठ म्हणून सियागंज भरभराटीस आले, त्यात रेल्वे स्थानकाच्या सान्निध्याचा वाटा मोठा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारास 1 कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ देऊन खंडव्याहून जो लोहमार्ग आणविला, त्याचे स्थानक येथून हाकेच्या अंतरावर आहे.

अशा पेठेतले खाणे रसिकांसाठी नसते, ते पेठेच्या घड्याळावर चालते. सराफा बाजारात रात्री पेढ्या बंद झाल्यावर खवय्ये जमतात; सियागंजात मात्र पेढी उघडण्यापूर्वी हमालाच्या पोटात काही पडावे लागते. खदखदत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीत वाफेने मऊ राहिलेले पिवळे पोहे, त्यांत बडीशेपेचा दाणा, वर शेव, कच्चा कांदा आणि चिमूटभर जिरावन मसाला, शेजारी जिलबी! पुण्याच्या पाहुण्यांच्या भुवया येथे उंचावतात. पोहे माळव्यात आपणच आणले, असे आम्ही इंदूरकर मराठी त्यांना अभिमानाने सांगतो, पुरावा मात्र कोणी मागू नये.

आजोबांच्या नेहमीच्या पोह्यांच्या दुकानापुढे एक लांब बाकडे असे. पहाटेच्या गाडीने उतरलेला खेड्यातला दुकानदार, भाव फुटण्याची वाट पाहणारा दलाल, उधारीच्या तगाद्यासाठी निघालेला गुमास्ता असे सर्व त्यावर दाटीने बसत, आणि हिंगाचा खडा तळहातावर चोळून एकमेकांच्या नाकाशी नेत. खाल्ल्याचा हिशेब वहीत मांडला जाई आणि महिनाअखेरीस पेढीचा मुनीम तो चुकता करी. आता तोच दुकानदार मागणी फोनवर कळवितो, माल परस्पर रवाना होतो, आणि पोह्यांचे पैसे पोचल्याची वर्दी भिंतीवरचे यंत्र मोठ्याने देते, तेव्हा वहीची आणि मुनिमाची गरज उरली नाही. 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले. त्या ओघात या दुकानाशीही ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे आले, हे चांगलेच झाले. छप्पन दुकान ही खाऊगल्ली 2020 मध्ये नव्याने सजली, तसे येथे काही झाले नाही. खाणे हा जेथे मुख्य व्यवसायच नव्हे, तेथे सजावट करणार कोणासाठी?

चव बदलली का, असे मला विचारतात. पोहे, माझ्या जिभेला तरी, तेच लागतात. बाकडे मात्र गेले. ते मोडले नव्हते, जागेची अडचणही नव्हती; वाट पाहत बसणारा माणूसच उरला नाही, म्हणून एके दिवशी ते आत नेले, आणि आता त्यावर शेवेचे डबे ठेवलेले असतात. हमाल तेवढा पूर्वीसारखाच उभ्याउभ्या खातो, पोत्याचा आकडा खांद्याला अडकवून.