'स्मशानातील सोनं' : कथा कशी वाचावी?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'कथा कशी वाचावी' असा विषय संयोजकांनी आम्हाला दिला आहे. आम्ही काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीच्या रिंगखात्यात तीस वर्षे पाळ्या केल्या आणि पुस्तके वाचली ती रात्रपाळीहून आल्यावर. तेव्हा मोठे सिद्धांत सांगत बसत नाही. एकच कथा घेऊन बोलतो. ती म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं'.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळा म्हणाल तर नावालाच. मुंबईत येऊन गिरणीत राबले, झोपडपट्टीत राहिले आणि तिथेच बसून लिहिले. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. म्हणजे हा लेखक आपल्या घरातलाच.

आता कथा थोडक्यात सांगतो. भीमा हा वारणाकाठचा दांडगा गडी. पोट भरायला बायको आणि मुलीला घेऊन मुंबईच्या कडेला येतो आणि दगडाच्या खाणीत काम धरतो. एक दिवस खाण बंद पडते. काम गेलेला भीमा काळजी करत स्मशानात बसलेला असताना त्याला राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री श्रीमंत सावकाराचे मढे उकरायला जातो. तिथे कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. शेवटी मढ्याच्या तोंडात सोने आहे का म्हणून बोटे घालतो, आणि पहार निसटून बोटे त्या जबड्यात अडकतात. ती बोटे पुढे डॉक्टरला कापावी लागतात. आणि नेमकी तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान पोरासारखा रडतो.

ही कथा आम्ही वस्तीतल्या पोरांना वाचून दाखवली, तेव्हा एक पोरगा फाडकन म्हणाला, "भीमा चोरच की हो! लोभ केला, फळ मिळालं." पोरगा हुशार आहे. पण कथा एवढेच सांगते का? हे ठरवायला आपण तीन गोष्टी बघू.

पहिली गोष्ट, जागा. कथेत दोन जागा समोरासमोर उभ्या आहेत. एक खाण, दुसरे स्मशान. खाणीत उजेडाचे काम, सगळ्यांच्या देखत घाम गाळायचा. स्मशानात अंधाराचे काम, कुणी बघेल म्हणून जीव मुठीत. भीमा आपणहून एक जागा सोडून दुसरीकडे गेलेला नाही. पहिल्या जागेचे दार बंद झाले म्हणून तो दुसरीकडे ढकलला गेला. मालकाविरुद्ध लांबलचक भाषण अण्णा भाऊंनी भीमाच्या तोंडी घातलेले नाही. घालायची गरजच नाही. बंद खाण आणि उघडे स्मशान शेजारी शेजारी ठेवले की ते आपोआप बोलते. जिवंत माणसांच्या जगाने ज्याला काम नाकारले, त्याला मेलेल्यांच्या दारात भाकरी शोधावी लागली.

दुसरी गोष्ट, प्रतीक. प्रतीक म्हणजे वस्तू तीच, पण तिच्यात अर्थ जास्त भरलेला. सोने बघा. लोक सोने तिजोरीत ठेवतात, इथे ते राखेत आणि मढ्याच्या तोंडात आहे. जिवंत पोरीच्या तोंडात घास नाही आणि मेलेल्याच्या तोंडात सोने आहे. समाजाचा सगळा हिशेब एका वस्तूत आला की नाही? कोल्हेही तसेच. ते भुकेने मढ्यावर आलेले, भीमाही भुकेनेच आलेला. भूक माणसाला कुठे नेऊन उभी करते, ते त्या झुंजीत दिसते. आणि जबडा कुणाचा? सावकाराचा! जिवंतपणी ज्या सावकाराचे दात गरिबाच्या अंगात रुततात, तो मेल्यावरसुद्धा गरिबाची बोटे सोडत नाही. हा अर्थ आम्ही काढलेला आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही. पण तो कथेतल्या वस्तूतूनच काढला आहे, हवेतून नाही.

तिसरी गोष्ट, पुन्हा पुन्हा येणारी खूण. या कथेत ती आहे भीमाचे हात. खाणीत दगड फोडणारे हात तेच, राख चाळणारे हात तेच, कोल्ह्यांशी लढणारे तेच, आणि शेवटी बोटे तुटलेले हातही तेच. हातांचा हा प्रवास म्हणजेच कथेचा प्रवास. भीमाजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता. हात हेच भांडवल होते. काम आले तेव्हा भांडवल बुडालेले होते. म्हणून तो रडतो. हातातले सोने गेल्याचे ते रडणे नव्हे, हातच गेल्याचे आहे.

आमच्या रिंगखात्यात तुटलेला धागा दोन बोटांच्या चिमटीत धरून जोडायचा असतो. बोटांची किंमत आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. मध्यंतरी आमच्या गिरणीला चार महिने टाळे होते. तेवढ्यात कुणी दारूला लागला, एकाने तांब्याची तार चोरून विकली. वस्तीत सगळे त्याला चोर म्हणत होते. टाळ्याबद्दल मात्र कुणी बोलत नव्हते. चोरी चांगली, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. प्रेत उकरणे चांगले, असे अण्णा भाऊही म्हणत नाहीत, भीमाला त्याची जबर किंमत मोजावी लागते. पण माणसाचा न्याय करताना त्याच्या मागे कोणते दार बंद झाले होते, ते आधी बघा, एवढे ही कथा शिकवते.

म्हणून मुलांना कथा वाचून दाखवाल तेव्हा शेवटी "तात्पर्य काय?" असे लगेच विचारू नका. आधी तीन प्रश्न विचारा. हे कुठे घडते? कोणती वस्तू परत परत येते? आणि शेवटी त्या वस्तूचे काय झाले? उत्तरे मुलेच देतील. त्या हुशार पोरालाही आम्ही हेच तीन प्रश्न विचारले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, खाण बंद कुणी केली, ते कुणीच विचारत नाही."

बांधवांनो, असे विचारणारी पोरे घराघरात तयार व्हावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम!