सुरत पाहायला जाताना



नंदुरबारच्या माणसाला सुरत परकी नाही. वाटेत नवापूर लागते. तेथले अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. १ मे १९६० पूर्वी तर आपण आणि सुरतकर एकाच मुंबई राज्यात होतो.

पाहुण्याने सुरतेत काय पाहावे? तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला पाहावा. १६६४ आणि १६७० साली शिवाजीमहाराजांनी याच श्रीमंत पेठेवर चाल केली, हे आठवावे. रिंगरोडवरचा कापडबाजार आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने पाहावे. पण एवढ्याने सुरत पाहून झाली, असे आम्ही म्हणणार नाही. सुरतेच्या अलीकडे उधना लागते. तेथे उतरावे.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत. ओडिया, हिंदी यांच्या जोडीला आपली अहिराणीही तेथे कानी पडते. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. मागावर बारा-बारा तासांची पाळी, आणि मजुरी बहुधा मिटरवर. वीज गेली की मिटर थांबतो आणि मजुरीही थांबते. खडखडाट एवढा, की जुना मागवाला घरीही ओरडूनच बोलतो.

१९९४ साली प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. २०२० च्या टाळेबंदीतही मजुरांनी गावची वाट धरली. यंत्रे जागेवर होती, सूत होते, भांडवल होते. माणूस नव्हता, म्हणून माग मुके झाले. शहर कोणाच्या बळावर चालते, याचा याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

प्लेगनंतर महापालिकेने शहर असे झाडून काढले की स्वच्छतेसाठी त्याचे नाव देशभर झाले. मनात आणले तर होते! मग मजुराचे नाव हजेरीपत्रकावर चढवणे तेवढेच का अवघड ठरावे?

म्हणून, सुरतेला जाल तेव्हा साडीचा भाव जरूर विचारा. पण आपल्या भाच्या-पुतण्यांनाही तीन गोष्टी विचारा: हजेरीपत्रकावर नाव आहे का? पगाराची चिठ्ठी मिळते का? राज्य विम्याचे कार्ड आहे का? अन्नसुरक्षेचे रेशनकार्ड आता तेथेही चालते, हेही सांगा. उत्तर नकारार्थी आले, तर एकट्याने मालकाकडे जाऊ नका म्हणावे. दहा जणांनी मिळून जावे.