मातीतील जीव आणि पिंपरीचे औषध

(प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



शास्त्रीय शोध हा विषय वर्गात निघाला की पाठ्यपुस्तकातील नावे सांगितली जातात. वाफेचे इंजिन, विजेचा दिवा, दुर्बीण, बिनतारी संदेश हे शोध आणि त्यांचे शोधक मुले पाठ करतात. परंतु त्या यादीतील बहुतेक गावे सातासमुद्रापलीकडील असतात. त्यामुळे शोध लागतात ते दूरच्या देशांत, आपल्या मातीत नव्हे, अशी मुलांची नकळत समजूत होते. ही समजूत दूर करणारे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा आज मोटारी आणि यंत्रे यांच्यासाठी ओळखला जातो. पण येथील औद्योगिक जीवनाच्या आरंभी जो मोठा कारखाना उभा राहिला, तो मोटारींचा नव्हे, औषधांचा होता. त्याचे नाव हिंदुस्थान अँटिबायोटिक्स.

या कारखान्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जंतू वाढविण्यासाठी काही काचेच्या बशा ठेवल्या होत्या. त्यांपैकी एका बशीत बुरशी पडली आणि तिच्या भोवतालचे जंतू नाहीसे झालेले दिसले. बुरशी पडलेली बशी फेकून देणे ही नित्याची गोष्ट. फ्लेमिंग यांनी ती फेकण्यापूर्वी नीट पाहिली. बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. मात्र ते द्रव्य शुद्ध करून टिकविणे त्यांना साधले नाही. ते काम पुढे ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांतील चार उंदरांना पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर रात्रीतून मेले.

माणसावरील पहिल्या उपचाराची हकीकत मात्र दुःखद आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका इंग्रज पोलीस शिपायाला हे औषध देण्यात आले. जंतुदोषाने त्याचा चेहरा भयंकर सुजला होता. औषध मिळताच तो सुधारू लागला; पण साठा संपला. त्याच्या मूत्रातून बाहेर पडणारे पेनिसिलिन पुन्हा गोळा करून त्यालाच देण्यात आले, तेही पुरले नाही आणि मार्च महिन्यात तो मरण पावला. औषधाचा शोध लागला होता. ते पुरेसे तयार करण्याची विद्या अजून लागावयाची होती. शोध आणि उत्पादन यांत किती अंतर असते, हे मुलांना सांगण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

हे अंतर अमेरिकेत तुटले. पिओरिया येथील संशोधकांनी मका भिजवून उरलेल्या दाट पाण्यात बुरशी वाढविली, तेव्हा उत्पन्न अनेक पटींनी वाढले. १९४३ मध्ये बाजारातील एका सडक्या खरबुजावर त्यांना अधिक पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली. उथळ बशांऐवजी मोठ्या टाक्यांत, जंतुरहित हवा खेळवून ती वाढविण्याची रीत बसली. १९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वातंत्र्याच्या वेळी भारताला हे औषध परदेशातून आणावे लागत असे. एवढ्या मोठ्या देशाचे आरोग्य आयातीवर अवलंबून ठेवणे धोक्याचे होते. म्हणून भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे कारखाना काढला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले.

या कारखान्यातील मूळ क्रिया ग्रामीण विद्यार्थ्याला मुळीच परकी नाही. घरी दूध तापवून निववितात, विरजण लावतात, भांडे झाकून उबेला ठेवतात. पेनिसिलिनच्या बाबतीत विरजणाच्या जागी बुरशी, दुधाच्या जागी साखर व इतर पोषक द्रव्ये घातलेले पाणी आणि भांड्याच्या जागी उंच पोलादी टाकी असते. फरक असा की येथे शुद्धतेला अपवाद चालत नाही. परका जंतू टाकीत शिरला तर सबंध टाकी वाया जाते. काही दिवसांनी बुरशी गाळून वेगळी करतात. उरलेल्या पाण्यातील पेनिसिलिन थंडाव्यात, आम्ल मिसळून, एका द्रावकात ओढून घेतात. ते शुद्ध करून वाळविले की पांढरी पूड मिळते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि यंत्रविद्या या तिन्हींचा हात लागल्याखेरीज एकही कुपी भरत नाही.

परंतु पिंपरी येथे केवळ दुसऱ्याचा शोध गिरविला गेला असे नाही. कारखान्याबरोबर तेथे संशोधनशाळाही चालविली गेली. बुरशींचे जाणकार डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे तेथील संशोधनाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. मातीचे नमुने घ्यावयाचे, त्यांतील सूक्ष्म जीव एकेक करून वेगळे वाढवावयाचे, आणि प्रत्येकाची रोगकारक बुरशीशी गाठ घालून परिणाम पाहावयाचा, असे हे काम. शेकडो नमुने निष्फळ ठरतात तेव्हा एखादा फळतो. असाच एक जीव हाती लागला. त्याचे शास्त्रीय नाव ठेवण्यात आले स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. पिंपरी या गावाचे नाव अशा रीतीने जीवशास्त्राच्या जागतिक नोंदीत गेले. या जीवापासून मिळालेल्या औषधाला कारखान्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन असे नाव मिळाले, आणि १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे ऑरिओफंजिन हे दुसरे औषध याच संशोधनशाळेतून बाहेर पडले. ते पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी उपयोगात आले.

हॅमायसिन हे पेनिसिलिनहून वेगळ्या कामाचे औषध आहे, आणि हा भेद शिक्षकाने नीट समजून घेण्यासारखा आहे. जीवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही, म्हणून वाढणारा जीवाणू फुटून मरतो. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसल्यामुळे तिला इजा होत नाही. बुरशीची घडण निराळी. तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्यात एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य असते. हॅमायसिन त्याला चिकटते, पापुद्र्याला छिद्रे पडतात आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात. म्हणून तोंडात किंवा कातडीवर बुरशीमुळे उठणाऱ्या चट्ट्यांवर ते उपयोगी पडले. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. विषाणूला ना अशी भिंत, ना असा पापुद्रा. त्यामुळे तेथे ही दोन्ही औषधे व्यर्थ ठरतात.

हा धडा येथेच संपत नाही. खेड्यात ताप आला की दुकानातून दोन गोळ्या आणावयाच्या, बरे वाटले की उरलेल्या टाकून द्यावयाच्या किंवा शेजाऱ्याला द्यावयाच्या, हा प्रकार सर्वांच्या पाहण्यातील आहे. अपुऱ्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. मग तेच औषध गरजेच्या वेळी लागू पडत नाही. फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. ज्या औषधाच्या अपुऱ्या साठ्यामुळे १९४१ साली एक माणूस दगावला, ते औषध हाताशी भरपूर असूनही निरुपयोगी होणे, ही आजच्या काळातील खरी भीती आहे. वैद्यकीय सल्ल्यावाचून अशी औषधे घेऊ नयेत आणि सांगितलेली मात्रा अर्ध्यावर सोडू नये, एवढे दोन नियम शाळेतून घरोघर पोहोचले तरी मोठे काम होईल.

पिंपरीच्या कारखान्याला पुढे वाईट दिवसही पाहावे लागले. १९९० नंतरच्या काळात तो आर्थिक अडचणीत सापडला, आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढे देशातील पेनिसिलिनचे मूळ उत्पादन मागे पडत गेले. एकदा मिळविलेली विद्या सतत जोपासावी लागते, हेही या इतिहासावरून दिसून येते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग सोपा आहे. भाकरीचे दोन तुकडे घ्यावेत. एक ओलसर, दुसरा कडक वाळविलेला. दोन काचेच्या बरण्यांत घालून झाकणे घट्ट लावावीत आणि आठवडाभर मुलांकडून रोजची नोंद करवून घ्यावी. बुरशी कोठे आली, कोणत्या रंगाची, कोणत्या दिवशी, हे त्यांनी स्वतः लिहावे. बरणी मात्र उघडू देऊ नये. प्रयोग संपल्यावर शिक्षकाने स्वतः तुकडे खोल पुरून टाकावेत. तसेच पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, त्याचा मोठा भाग स्ट्रेप्टोमायसेस कुळातील जीवांनी निर्माण केलेल्या द्रव्याचा असतो, हे मुलांना त्याच दिवशी, तो वास येत असताना सांगावे. त्याच कुळातील एका जीवाने हॅमायसिन दिले आणि दुसऱ्याने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन दिले, हे मग सांगितले की ते विसरले जाणार नाही.

पाहणे, नोंद करणे, पुन्हा पाहणे आणि निष्फळ नमुन्यांनी न कंटाळणे, या सवयी महागड्या प्रयोगशाळेवाचूनही लावता येतात. पिंपरीच्या संशोधकांना त्याच सवयींनी यश दिले. प्राथमिक शाळेत त्या लागल्या, तर मुलांच्या पाठांतरातील शोधकांच्या यादीत जवळच्या गावांची नावेही येत जातील.