लांडग्याचं घर

मराठी भाषेने ज्या प्राण्यांवर अन्याय केला आहे, त्यांत लांडग्याचा नंबर बराच वर लागेल. माणसंच एखाद्यावर तुटून पडतात, पण आपण त्याला 'लांडगेतोड' म्हणतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तर शाळेचं तोंड पाहण्याआधीच मुलांच्या कानांवर पडते. गोष्टीत खोटं बोलतो तो मुलगा, पण बदनाम होतो लांडगा!

२०२४च्या जूनमध्ये आम्ही मुलीकडे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात गेलो होतो. कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरातून पश्चिमेला घाट चढत गेलं, की डिव्हाइड नावाचं लहानसं गाव लागतं. उंची नऊ हजार फुटांहून जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून अधिक. तिथे १९९३ पासून लांडग्यांचं एक आश्रयस्थान आहे. मुलगी, जावई, आठ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं, असे पाचजण एका सकाळी तिथे पोचलो.

उंच जाळीची प्रशस्त कुंपणं, आत पाइनची झाडं आणि सावलीत पहुडलेले लांडगे. मी मूळची बारामती तालुक्यातली, त्यामुळे लांडगा मला नवा नाही. पण आपला लांडगा वीस-पंचवीस किलोचा, सडपातळ. हे गृहस्थ त्याच्या जवळजवळ दुप्पट! ह्यांनी तर हळूच जाळीची उंची डोळ्यांनी मोजून घेतली.

तिथल्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, की लांडग्यांची टोळी म्हणजे खरं तर एक कुटुंब असतं. आई, वडील आणि दोन-तीन विणींची पोरं. थोरली भावंडं धाकट्यांना सांभाळतात, शिकार करून आलेली मोठी माणसं, असंच म्हणते, पिल्लांना पोटातलं अन्न ओकून भरवतात. टोळीत मारामारी करून एक 'दादा' होतो, ही समजूत डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाच्या १९७०च्या पुस्तकाने रूढ झाली. रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती खोडून काढली.

फेरीच्या शेवटी बाईंनी आम्हा सगळ्यांना तोंड वर करून लांब हेल काढायला लावला. क्षणभर शांतता. मग एका कुंपणातून उत्तर आलं, दुसऱ्यातून आलं आणि सगळा डोंगर त्या आवाजाने भरून गेला. नातू माझ्या पदराला घट्ट धरून उभा होता. आवाज थांबल्यावर त्याने विचारलं, "आजी, यांना बाहेर कधी सोडणार?"

यांना सोडता येत नाही. माणसाच्या सहवासात वाढल्यामुळे शिकार त्यांना जमत नाही आणि माणसाची भीतीही वाटत नाही. पण त्याच डोंगरांत दुसरे लांडगे सोडले गेले होते. कोलोरॅडोतले शेवटचे लांडगे १९४०च्या दशकात मारले गेले. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी निसटत्या बहुमताने त्यांना परत आणायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगनहून आणलेले दहा लांडगे रानात सोडण्यात आले. चार महिन्यांतच गुरं मारल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मतं दिली बहुतांशी शहरांनी, वासरं गेली डोंगरातल्या पशुपालकांची. सरकार जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाई देतं, तरी त्यांचा राग काही गेलेला नाही.

हे ऐकताना मला आमच्या शेतात मेंढ्या बसवायला येणारे धनगर आठवले. वाघर लावून, कुत्री सोडून ते रात्र-रात्र जागायचे. तरी कधी एखादं कोकरू जायचंच. एकदा माझ्या वडिलांनी हळहळ व्यक्त केली, तेव्हा एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, "त्येलाबी पोरंबाळं हायती, दादा." नुकसान त्याचं झालं होतं, आमचं नव्हे. म्हणून त्या वाक्याला किंमत आहे. आपण घरात बसून ते म्हणणं सोपं आहे.

भारतात आज लांडगे उरलेत सुमारे तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना पहिल्या परिशिष्टात घातलं आहे. १९७६ साली झारखंडमधल्या, तेव्हाच्या बिहारमधल्या, महुआडांडला खास लांडग्यांसाठी अभयारण्यही झालं. पण आपला लांडगा मुख्यतः राहतो तो माळरानावर. या माळाला सरकारी कागदावर आपण 'पडीक' म्हणतो आणि मग तिथे कारखाने, वसाहती, खाणी उभ्या करतो. माळ गेला की हरणं-ससे जातात, मेंढीचं चराऊ रानही जातं. मग लांडगा आणि मेंढपाळ उरलेल्या चार एकरांत समोरासमोर येतात. भरपाईची तरतूद आपल्याकडेही आहे, पण रोज मुक्काम हलवणाऱ्याने पंचनाम्यासाठी थांबायचं कुठे?

लांडग्याला वाचवायचं, तर त्या मेंढपाळाचा तोटा आपण सर्वांनी वाटून घ्यायला हवा. त्याच्या मुक्कामावर, वेळेत भरपाई पोचायला हवी आणि माळाला माळ म्हणून राहू द्यायला हवं. तसं झालं, तर आपल्या लांडग्याला जाळीच्या आत जपण्याची वेळ येणार नाही.