यकृताचंही पासबुक ठेवूया

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं, की आपण एक तर घाबरतो, नाहीतर तो कागद कपाटात ठेवून विसरतो. सोनोग्राफीत चरबी दिसते, पण यकृत कडक होऊ लागलंय का, हे नीट कळत नाही. खरा धोका त्या कडकपणाचा. तो दुखत नाही, म्हणूनच तपासावा लागतो.

बहुतेकींना त्यासाठी सुईनं यकृताचा तुकडा काढावा लागत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर ‘फिब-४’ काढतात. तो १.३ च्या खाली असेल तर कडकपणाची शक्यता कमी; पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात. जास्त आला तर फायब्रोस्कॅन. तीन तास उपाशी राहायचं, उजव्या बरगड्यांवर यंत्र टेकवतात, काही टोचत नाही.

गटाचा हिशेब आपण एका नोंदीवर ठरवतो का? मागची पानंही बघतो. तसेच हे रिपोर्ट तारखेनं एका फायलीत लावूया. मधुमेह असेल तर आकडा चांगला आला तरी एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासूया. आणि डॉक्टरांना विचारूया, “चरबी कळली, कडकपणा किती?”